उद्या कुठल्या टीमकडून?

इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर मी सकाळी मुलांना शिकवतो. प्रॅक्टिस संपली की शूज सोडता सोडता कॉलेजातली मुलं हमखास विचारतात, "दादा, इंडिया कॅम्पला, म्हणजे भारतीय टीमच्या शिबिराला, नाव नाही आलं तर खेळून पोट भरतं का?" माझं नाव इंडिया कॅम्पला कधीच आलं नाही. तरी मी नऊ वर्षं खेळाच्या पैशावर काढली, सात टीमकडून. कधी पूर्ण सीझन, कधी एका स्पर्धेपुरता बाहेरून बोलावलेला गेस्ट प्लेअर. तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं आणि सुरुवातीची दोन वर्षं त्यापायी वाया गेली, म्हणून लिहून ठेवतोय.

अशा फिरत्या खेळाडूला अमेरिकेत जर्नीमन म्हणतात. ईश स्मिथ नावाचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा खेळाडू, 2010 मध्ये एनबीएत, तिथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, आला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला कुणी निवडलं नव्हतं, उंची सहा फुटांच्या आसपास. तो 13 टीमकडून खेळला. एनबीएत इतक्या टीम त्याच्याआधी कुणाच्याच नावावर नव्हत्या. तेरावी टीम डेन्व्हर, आणि 2023 ला तिच्याबरोबर तो चॅम्पियन झाला. लोक म्हणतात, बिचारा कुठेच टिकला नाही. मला दिसतं ते असं, की 13 वेळा कुठल्यातरी कोचला हा माणूस आपल्याकडे हवा असं वाटलं.

आपल्याकडे मात्र खेळाडूला पोसते ती नोकरी. रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, केरळचं वीज मंडळ, पंजाब पोलीस, या इथल्या मोठ्या टीम. लीग येतात आणि जातात. 2015 ला यूबीए नावाची लीग सुरू झाली, 2017 नंतर थांबली. 2018 ला थ्री-बाय-थ्रीची, म्हणजे एका बाजूला तीनच खेळाडूंची, 3बीएल लीग आली, मग आयएनबीएल ही लीग, आणि 2025 च्या जानेवारीत तिचीच प्रो लीग दिल्लीत सहा टीम घेऊन सुरू झाली. संधी मिळाली तर जरूर खेळा, पण लीगच्या भरवशावर कर्ज काढू नका.

माझी उंची 5 फूट 10 इंच. घर रामबागेत, बाबा शाळेत गणित शिकवायचे. अहिल्या विद्यापीठाकडून मी तीनदा पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो. बाविसाव्या वर्षी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठली, पहिल्या ट्रायलसाठी. साठेक मुलं होती. पाच-पाचचे गट पाडले, प्रत्येक गटाला सहा मिनिटं. मी त्या सहा मिनिटांत सात शॉट मारले, दोन आत गेले. यादीत नाव नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे आठ मारले, चार गेले. तरी नाव नाही. परत आल्यावर आमच्या सरांनी पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "तिथे तुझ्यापेक्षा चांगले शूटर पंधरा असतात. कोच त्यांना ओळखत नाही अन् तुलाही नाही. तू असं काय करतोस, जे त्याला आजच्या आज लागणार आहे?"

या प्रश्नावर मी बरेच महिने घालवले, आणि सगळी कारकीर्द पुढे त्याच्याच उत्तरावर उभी राहिली. ते उत्तर जरा खोलात सांगतो.

कोर्ट 28 मीटर लांब. बॉल हातात आला की शॉट घ्यायला 24 सेकंद, आणि त्यातल्या पहिल्या 8 सेकंदांत बॉल अर्ध्याच्या पुढे न्यावा लागतो. कुणी अडवलं नाही तर गार्ड 4 सेकंदांत पलीकडे जातो, म्हणजे त्याच्या टीमला सेट, म्हणजे आधी ठरवलेली चाल, लावायला 20 सेकंद उरतात. मी त्याला त्याच्याच बास्केटखाली गाठायचो. बॉल हिसकवायला जायचं नाही, हात लावायचा नाही. फक्त छाती त्याच्यासमोर ठेवायची, त्याला साइडलाइनकडे नेत राहायचं आणि दर दोन-तीन ड्रिबलला वळायला लावायचं. तो अर्ध्यावर पोचेपर्यंत 7 सेकंद गेलेले असतात. उरले 17. पहिला पास उशिरा गेला की पुढचं सगळं उशिरा होतं, आणि शेवटी कुणीतरी तोल गेलेल्या अवस्थेत शॉट फेकतो. स्कोअरशीटवर माझ्या नावापुढे काहीच लागत नाही. पण बेंचवरचा कोच शॉट क्लॉक, म्हणजे 24 सेकंदांचं घड्याळ, बघत असतो आणि त्याला सगळं दिसतं.

याला पाय लागतात. रोज पहाटे एका बेसलाइनपासून दुसऱ्या बेसलाइनपर्यंत झिगझॅग स्लाइड, म्हणजे गुडघे वाकवून नागमोडी सरकत जाणं, दहा फेऱ्या, मधे थांबायचं नाही. चार महिने मी बाकी सगळं कमी करून हेच केलं. तिसऱ्या ट्रायलला सहा मिनिटांत एकच शॉट मारला, तोही चुकला. एका कार्यालयाच्या टीमने मला दोन वर्षांच्या कंत्राटावर घेतलं. तुमचं काम वेगळं असेल. बॉक्स आउट असेल, म्हणजे उसळलेल्या बॉलसाठी समोरच्याला पाठीने अडवणं, कोपऱ्यातला थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, असेल, दणकट स्क्रीन असेल, म्हणजे आपल्या खेळाडूला मोकळं करायला समोरच्याच्या वाटेत उभं राहणं. पण ते एकच असू द्या, आणि पहिल्या सहा मिनिटांत दिसू द्या.

त्या कंत्राटानंतर फिरणं सुरू झालं, आणि वहीही. दुसऱ्या टीमकडून पहिल्याच मॅचला मी बॉल पुढे आणला आणि मूठ वर केली. माझ्या डोक्यात जुन्या टीमचा हॉर्न्स नावाचा सेट होता, म्हणजे दोन उंच खेळाडू फ्री थ्रो लाइनच्या दोन टोकांना आणि दोन शूटर कोपऱ्यांत. या टीममध्ये मुठीचा अर्थ दुसराच होता. चौघंही भलत्याच जागी पळाले, मी मोकळ्या कोपऱ्यात पास दिला आणि बॉल सरळ बाहेर गेला. त्या रात्री शंभर पानी वही आणली. प्रत्येक टीमला चार पानं, त्यांत खुणा, सेट, आणि शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाच्या हातात द्यायचा ते.

पीएसजी ट्रॉफी स्पर्धेच्या वेळी अहिल्यानगरी एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून कोइमतूरला उतरलो, तर मॅच दुसऱ्याच दिवशी. टीमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, वयाने मोठा, हिंदी अजिबात येत नव्हतं. त्याने खोलीतल्या गादीवर चादर ताणली आणि पाण्याच्या बाटल्यांची झाकणं मांडली, आमची निळी, त्यांची पांढरी. एकेक झाकण बोटाने सरकवत तो फक्त "यू", "मी", "नाऊ" एवढंच बोलत होता. एक झाकण चुकीच्या बाजूने सरकवलं की माझं मनगट धरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. रात्री साडेबारापर्यंत सात सेट झाले. निघताना त्याने दोन तमिळ शब्द घोकून घेतले, इडदु आणि वलदु, म्हणजे डावा आणि उजवा. डिफेन्स करताना पाठीमागून स्क्रीन येतोय हे सेंटर ओरडून सांगतो. तो शब्द कळला नाही तर सव्वासहा फुटी माणूस थेट बरगडीवर आदळतो. पंजाबात हेच खब्बे आणि सज्जे. नव्या टीममध्ये जेवणाआधी हे दोन शब्द विचारून घ्या.

पैशाचं स्पष्ट बोला. आपल्या मराठी घरांत पैसे मागणं जिभेवर येत नाही, माझ्याही येत नव्हतं. एका शहरातल्या आयोजकाने फोनवर रक्कम सांगितली, फायनल झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. परतीचं तिकीट आईने काढून पाठवलं. तेव्हापासून जाण्यायेण्याचं तिकीट आधी, अर्धे पैसे पहिल्या मॅचच्या आधी, आणि सगळं मेसेजवर लिहिलेलं. दुखापत झाली तर डॉक्टरचा खर्च कुणाचा, हेही त्याच मेसेजमध्ये. भला माणूस याला कधी नाही म्हणत नाही.

परदेशाचं स्वप्न असेल तर आपले विशेष भृगुवंशी आणि अमृतपाल सिंग 2017 ला ऑस्ट्रेलियात कसे पोचले, अमज्योत सिंग जपानमार्गे अमेरिकेच्या जी लीगपर्यंत, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगपर्यंत, कसा गेला, ते वाचा. एका देशाच्या संघटनेकडून दुसऱ्या देशात जाताना लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे जुन्या संघटनेचं ना-हरकत पत्र, लागतं. करारात वाद फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, लवादाकडे, म्हणजे बीएटीकडे, नेण्याचं कलम आहे का ते बघा. ते कलम नसेल तर पगार बुडाल्यावर तिथे दाद मागता येत नाही.

आता कागद. यात हुशार मुलंही मागे पडतात. केंद्र सरकारच्या स्पोर्ट्स कोट्यासाठी ठरलेले फॉर्म असतात. भारताकडून खेळलात तर फॉर्म 1, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा असेल तर 2, आंतरविद्यापीठाला 3, शालेय राष्ट्रीयला 4. नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही. फॉर्म 2 वर संघटनेच्या सचिवांची सही लागते, फॉर्म 3 वर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची. स्पर्धा झाली की त्याच महिन्यात सही घ्या. माझ्या बरोबरीचा एक मुलगा पाच वर्षांनी सहीसाठी फिरत राहिला आणि तोवर भरतीची तारीख निघून गेली. रेल्वेच्या खुल्या भरतीत 18 ते 25 हेच वय धरतात. 100 पैकी 50 गुण खेळातल्या कामगिरीला, 40 ट्रायलला, 10 शिक्षणाला. ते दहा गुण सोपे आहेत. बी.ए., बी.कॉम. काहीही असो, पदवी पूर्ण करा. मी शेवटचं वर्ष अर्धवट सोडून ट्रायलला पळालो होतो आणि ते पुढे दोन वर्षांनी, रेल्वेच्या डब्यात बसून, पूर्ण केलं.

शरीराबद्दल थोडंच सांगतो. आपल्याकडे पुष्कळ स्पर्धा उघड्यावर, दिव्यांखाली, सिमेंटवर होतात. सिमेंट गुडघे खातं. शूज झिजले की बदला, तिथे काटकसर नको. घोटा एकदा मुरगळला की तोच पुन्हा मुरगळतो. सूज उतरली म्हणजे बरा झाला असं नाही. एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद न डगमगता उभं राहता येईपर्यंत मी मॅच खेळत नाही, मग कोच रागावला तरी चालेल. मालवा एक्स्प्रेसने लुधियान्याला उतरून त्याच संध्याकाळी खेळायचं असेल तर प्रवासात दर दोन तासांनी उठून डब्यातून चाला. आणि झोपा. गेस्ट प्लेअर पहिल्या रात्री टीमबरोबर जागतो, कारण त्याला आपलंसं व्हायचं असतं. ती इच्छा मला कळते, पण दुसऱ्या दिवशी त्याचे पाय उचलत नाहीत.

घरच्यांना खरं सांगत जा. बाबांना मी पहिली दोन वर्षं फक्त जिंकलेल्या मॅच सांगायचो, म्हणून कंत्राट संपलं तेव्हा त्यांना धक्का बसला. नंतर मी कागदावर मांडून दाखवायला लागलो. यंदा किती महिने पैसे येणार, किती महिने नाही, आणि रिकाम्या महिन्यांत मी काय करणार. गणिताचे मास्तर, त्यांना आकडे दिसले की शांत व्हायचे. रिकाम्या महिन्यांत मी इथे लहान मुलांना शिकवायचो. आज तेच माझं काम आहे.

या सीझनला ज्यांच्या ट्रायल आहेत त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मूळ सर्टिफिकेटं, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, जन्मदाखला आणि आठ फोटो घालून ठेवा. रविवारी सकाळी साडेपाचला कॉम्प्लेक्सवर या, फाइल घेऊन या. आधी स्लाइडच्या दहा फेऱ्या, मग पायरीवर बसून एकेक फॉर्म तपासून देतो.