घरच्या व्हिडिओ डायऱ्यांतून अर्धकाल्पनिक चित्रपट

अनेक वर्षांच्या घरगुती चित्रणाचा चित्रपट करायचा असेल, तर आधी व्हिडिओच्या फिती वाचवाव्यात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते; पांढरे ठिपके दिसणारी फीत स्वच्छ केल्याशिवाय प्लेअरमध्ये घालू नये, कारण फीत वाचणारा प्लेअरचा भाग, म्हणजे हेड, खराब होतो आणि बुरशी पुढच्या फितींनाही लागते. संगणकावर उतरवलेल्या मिनी-डीव्हीच्या (छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेटच्या) एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. दोन प्रती वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी ठेवावी.

मग सर्व चित्रण सलग पाहून टाइमकोडसह, म्हणजे प्रत्येक दृश्याच्या तास-मिनिट-सेकंदासह, नोंदी कराव्यात. मागे टीव्हीवर एखादे चित्रपटगीत वाजत असेल, तर त्याच्या हक्कांचा प्रश्न येतो, म्हणून तेही लगेच टिपून ठेवावे.

कल्पित मात्र चित्रात घुसवू नये. ते कॅमेऱ्यामागे ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. घरगुती चित्रणात कॅमेरा धरणारी व्यक्ती सहसा दिसत नाही, आणि ती मोकळी जागाच कथेला मिळालेली सर्वांत मोठी सोय असते. समजा, १९९७च्या दिवाळीच्या फितीत आई सोऱ्याने चकल्या पाडताना मान वर न करता म्हणते, “पुरे आता, ठेव ते खाली.” कॅमेरा प्रत्यक्षात तुमच्या हातात होता, पण निवेदन घर सोडून गेलेल्या एका कल्पित बहिणीच्या तोंडी दिले, की तेच वाक्य तिला उद्देशून ऐकू येते आणि आईच्या एकाही शब्दाला हात लावावा लागत नाही. पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’मध्ये (२०२१) प्रत्यक्ष चित्रणावर कल्पित विद्यार्थिनीची पत्रे ऐकू येतात, ही रीत तिथे बारकाईने पाहता येते.

प्रसंगांचा क्रम बदलताना कोपऱ्यात उमटलेली तारीख आड येते. ती कापू नये: पाल (PAL) या जुन्या व्हिडिओ पद्धतीच्या चित्रात मुळातच ५७६ ओळी असतात आणि कडा छाटून उरलेला भाग मोठा केला की चेहरे धूसर होतात. त्यापेक्षा कथाच तारखांना जुळवून लिहावी, त्याने ती बहुधा अधिक घट्ट होते. नवे प्रसंग सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने चित्रित करावेत, म्हणजे जुन्या चित्रणाशी त्यांचा फ्रेमचा वेग जुळतो.

कच्चे संकलन झाल्यावर त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवावे, कोणता भाग रचलेला आहे हे स्पष्ट सांगावे आणि लेखी संमती घ्यावी. दिवंगत व्यक्तीबाबत तिच्या जवळच्यांना विचारावे. कोणी नकार दिला, तर ते दृश्य कितीही मोलाचे असले तरी काढून टाकावे आणि तिथली कथा निवेदनातून नव्याने जोडावी.