आपल्या माघारी मोबाइलमधली खाती घरच्यांना कशी मिळतील

विटा, खानापूर, आटपाडीची गलाई (सोनं-चांदी गाळण्याचं काम) करणारी माणसं देशभर पसरलेली असतात आणि घर मात्र सांगली जिल्ह्यात. असं कोणी अचानक गेलं, की फोटो, विम्याच्या पावत्या, बँकेचे मेसेज एका कुलूपबंद मोबाइलमध्ये अडकतात. घरच्यांची ही फरफट टाळायची तर तासाभराचं काम आजच करा.

आधी गूगल, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. गूगल अकाउंटच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’मध्ये डिजिटल लेगसीचा पर्याय असतो, ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ असं शोधलं तरी सापडतो. खातं किती काळ वापरलं गेलं नाही तर घरच्यांना कळवायचं, ते ठरवा: ३, ६, १२ किंवा १८ महिने. रोज मोबाइल वापरणाऱ्याला ३ पुरेत. पुढे १० जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला काय मिळावं हेही वेगवेगळं ठरवता येतं. फोटो मुलीला, ईमेल फक्त बायकोला, असं. प्रत्येकाचा चालू मोबाइल नंबर अचूक टाका. ओळख त्यावर येणाऱ्या कोडनेच पटते. कळवल्यानंतर माहिती उतरवून घ्यायला ३ महिने मिळतात. ‘नंतर खातं डिलीट करा’ हे चालू केलं असेल, तर न उतरवलेले फोटो कायमचे जातात. आम्ही ते बंदच ठेवायला सांगतो.

इथे हमखास फसतं ते असं: गेलेल्या माणसाचा अँड्रॉइड मोबाइल घरात चार्ज होत, नेटवर चालू राहतो. गूगलला खातं वापरात दिसतं आणि मुदत भरतच नाही.

आयफोन असेल तर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे आपल्या माघारी खातं बघणारा माणूस, नेमा. त्यातून निघणारी अ‍ॅक्सेस की (खातं उघडण्याचा कोड) छापून ठेवा. तिच्यासोबत मृत्यूचा दाखलाही लागतो. साठवलेले पासवर्ड मात्र त्यातून मिळत नाहीत. फेसबुकच्या लेगसी कॉन्टॅक्टला प्रोफाइल सांभाळता येतं, मेसेज वाचता येत नाहीत.

सिमकार्ड घाईने बंद करू नका. ओटीपी त्यावरच येतात आणि प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो. पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. पण त्या मोबाइलवरून यूपीआयने पैसे काढणं टाळाच, त्यातून वारसांमध्ये तंटे होतात. बँकेतला पैसा नॉमिनीने रीतसर दावा करूनच घ्यावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालकी वारसांचीच.

आता कागद. मोबाइलचा पिन, मुख्य ईमेल, कुठल्या बँका, विमा आणि डीमॅट, एवढं एका पानावर हाताने लिहा, पाकीट बंद करून सातबाराच्या फाइलशेजारी ठेवा आणि जागा दोघांना सांगा. मृत्युपत्रात पासवर्ड लिहू नका, ते अनेकांच्या हातून जातं.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच, २१ दिवसांत करायची असते. म्हणजे परगावी गेलेल्या माणसाचा दाखला तिकडचाच. खात्यावर ‘बापू’ आणि दाखल्यावर पूर्ण नाव असेल तर दावा अडतो, म्हणून ईमेल खात्यावरचं नाव आताच आधारप्रमाणे करून घ्या. पिन बदलला, तर त्याच दिवशी पाकिटातलं पानही बदला.