गाजलेल्या गाण्यावर टिपण कसे लिहावे

आधी गाण्याची जडणघडण सांगावी, मग त्याचे स्वागत. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चेच (१९७५) पाहा: मधल्या ऑपेरासारख्या भागासाठी तिघांचेच आवाज फितीवर थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केले होते, आणि सुमारे सहा मिनिटांचे हे गाणे रेडिओसाठी फार लांब मानले जात असताना निवेदक केनी एव्हरेट यांनी ते वारंवार वाजवले, असे तपशील दहा विशेषणांना भारी पडतात. क्रमवारी देताना देश व वर्ष लिहावेच, कारण ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिले होते, तर अमेरिकेत १९७६ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. क्वीनचे गायक आणि या गाण्याचे लेखक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकले, हे सांगण्याचा मोह आपल्याला होणारच. ते एका वाक्यात आटोपावे. १९९१ मध्ये त्यांच्या निधनानंतर गाणे ब्रिटनमध्ये पुन्हा अव्वल ठरले, ही नोंद मात्र वगळू नये.