दोन बरोबर, तीन बरोबर आणि दहाव्या ओळीतली थप्पी

पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला == आणि === मधला फरक तोंडपाठ असतो: == फक्त किंमत सारखी आहे का बघतं, === किंमतीबरोबर माहितीचा प्रकारही. मलाही होता. तरी लातूरच्या मोंढ्यात, ऐन सोयाबीनच्या आवकेत, माझ्या प्रोग्रॅमनं एका शेतकऱ्याच्या मालाची पट्टी दुसऱ्याच्या नावानं काढली.

एका आडत दुकानासाठी लिहिलेलं ते माझं पहिलंच काम. गोदामातल्या प्रत्येक थप्पीला कोड दिलेला: ओळ, खणाचं इंग्रजी अक्षर, थप्पीचा नंबर. मुनीमजींनी १०ई२ टाकलं आणि पडद्यावर १ई३ चा माल आला. तीन रात्री डेटाबेस चाळला, तिथं काहीच चुकलेलं नव्हतं.

आता नीट वाचा. दोन्हीकडं स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या रूपातली माहिती, असली की == वापरायला हरकत नाही, असं मी धरून चाललो होतो. पण दोन्ही स्ट्रिंग आकड्यासारख्या दिसल्या तर पीएचपी त्यांना आकडे समजूनच ताडून बघतं, आणि आकड्यातला ई म्हणजे दहाचा घात. १ई३ म्हणजे १ गुणिले १०००. १०ई२ म्हणजे १० गुणिले १००. दोन्ही हजारच! बाकीच्या खणांत हे होत नाही आणि दहावी ओळ भरते ती दिवाळीच्या सुमारास, म्हणून आठ महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. २०२० च्या पीएचपी ८ नं शून्य आणि साध्या शब्दाची तुलना सुधारली, हे मात्र तसंच ठेवलं. "०१२" आणि "१२" सुद्धा == ला एकच.

आमचे एक सीनियर म्हणायचे, "चालायलंय ना, मग कशाला हात लावायलास?" त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, एवढं सोडून. पण 'सगळीकडं तीन चिन्हं ठोका' हाही सल्ला मला पटत नाही. मी तेच केलं आणि दुसऱ्या दिवशी एकही खातं उघडेना, कारण फॉर्ममधून आलेला खाते क्रमांक स्ट्रिंग होता आणि माझ्या अ‍ॅरेत, म्हणजे प्रोग्रॅममधल्या यादीत, पूर्णांक. माहिती आत येतानाच तिचा प्रकार पक्का करा, मग === लावा. यादीत किंमत शोधणाऱ्या इन-अ‍ॅरेला तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्या, म्हणजे ते === सारखं ताडतं. अनेक पर्यायांतून एक निवडणारं स्विच आतून == सारखी सैल तुलनाच करतं, त्याच कामाचं पीएचपी ८ मधलं मॅच === सारखं कडक आहे.

घाबरू नका. व्हार-डम्प ही किंमत आणि तिचा प्रकार दाखवणारी आज्ञा लावून बघायची सवय महिनाभरात लागते, त्यासाठी पुण्याच्या क्लासची फी भरावी लागत नाही.

दुरुस्त पट्टी मी स्वतः गावी नेऊन दिली. त्या शेतकरी काकांनी आधी नाव वाचलं, मग थप्पीचा कोड, मग कट्टे बोटांवर मोजले, आणि तेव्हा कुठं कागद घडी करून खिशात ठेवला.