पवनचक्कीचा ट्रान्सफॉर्मर गेला की आधी घड्याळं तपासा

फेल्युअर तपासायच्या कामात नवीन आहात म्हणजे मेगर (इन्सुलेशनची तपासणी), रेशो टेस्ट (वाइंडिंगच्या वेढ्यांच्या प्रमाणाची), डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) हे येत असणारच, ते सांगत बसत नाही. साताऱ्याकडं वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर खरा वारा जून ते सप्टेंबर, कमाई तेव्हाच, आणि नेमका तेव्हाच ट्रान्सफॉर्मर गेला की सगळ्यांचा एकच धोशा, बदला आणि चालू करा. या घाईत तेल काढून टाकतात, रिलेत, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणात, नव्या ट्रिप चढून जुनं रेकॉर्ड पुसलं जातं आणि रिपोर्टात 'वीज पडली' लिहून मोकळे. वीज पडतेच हो पठारावर, पण अरेस्टरचा (सर्ज जमिनीत उतरवणारं उपकरण) काउंटर बघितल्याशिवाय ते लिहू नका.

मला सगळ्यात जास्त छळलं ते घड्याळांनी. टर्बाइन कंट्रोलरचं वेगळं, 33 केव्ही फीडरच्या रिलेचं वेगळं, सगळ्या टर्बाइनच्या नोंदी ठेवणाऱ्या स्काडा सर्व्हरचं तिसरंच. एका सेकंदाचा फरक असला तरी गोष्ट उलटी होते. टर्बाइनच्या बाजूचा 690 व्होल्टचा ब्रेकर आधी पडलेला दिसला की आपण लोड रिजेक्शन (लोड अचानक तुटणं), ओव्हरव्होल्टेज, स्विचिंग सर्ज (ब्रेकर उघडता-मिटताना येणारा व्होल्टेजचा झटका) यांच्या मागं धावतो, आणि खरं तर वाइंडिंगमध्ये शॉर्ट आधी झालेला असतो, ब्रेकर त्यामुळं पडलेला असतो. म्हणून फेल्युअरच्या जवळपासची ग्रिड गेल्याची एक घटना शोधा, ती तिन्हीकडं नोंदलेली असते, त्यावरून कुठलं घड्याळ किती पुढंमागं ते काढा आणि मगच टाइमलाइन मांडा. मिलिसेकंदाचा क्रम यातून निघत नाही, तो एकाच रिलेच्या वेव्हफॉर्ममध्ये बघायचा, व्होल्टेज आधी चढलं की करंट. स्काडाच्या 10 मिनिटांच्या सरासरीत सर्ज शोधू नका, तिथं तो दिसणारच नाही. परत सांगतो, टाइमलाइन जुळल्याशिवाय कारणावर बोलूच नका, साहेब कितीही मागं लागू देत.

डीजीएचंही तसंच. फेल झाल्यावरच्या तेलात अ‍ॅसिटिलीन निघणारच, आर्क झालाय ना आत! कामाचा असतो तो आधीचा सॅम्पल. त्यात इथिलीन वाढत गेलेलं असेल तर गरम जॉइंटचा संशय घ्या. 2 मेगावॉटला 690 व्होल्टवर जवळजवळ 1670 अँपिअर जातात, आणि वारा चढतो-उतरतो तसा एलव्हीचा, म्हणजे 690 व्होल्टच्या बाजूचा, बोल्ट तापतो, निवतो, सैल होतो.

सर्टिफिकेट कोर्सवर माझा फार विश्वास नाही. रिपेअर शॉपमधल्या जुन्या वाइंडरजवळ बसा, कॉइल उलगडताना ते जे दाखवतात ते पीपीटीत नसतं. घाबरू मात्र नका, सुरुवातीला बऱ्याच रिपोर्टात 'कारण निश्चित करता आलं नाही' असं लिहावं लागतं, ते लिहायला लाजू नका, खोट्या कारणानं पुढचा ट्रान्सफॉर्मरही जातो. आणि टँक उघडायच्या दिवशी स्वतः हजर राहा, कॉइल धुवायच्या आधी फोटो काढा, धुतल्यावर काजळी कुठून कुठं गेली ते कळत नाही.