टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचत नाही? या चुका टाळा

दिवाळीच्या सेलमध्ये नवा टीव्ही येतो, होम थिएटरचा ॲम्प्लिफायर जुनाच असतो, आणि टीव्ही भिंतीवर चढवणारा माणूस चित्र दिसलं की निघून जातो. मग घरातलं कुणीतरी शनिवारी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठतं, चित्र आणि आवाज एकत्र नेणारी हजार-दोन हजारांची एचडीएमआय केबल घेऊन येतं, आणि आवाज तरीही येत नाही. बिचाऱ्या केबलचा दोष क्वचितच असतो. ती भलत्या भोकात खोचलेली असते, नाहीतर टीव्हीच्या मेन्यूतली एक ओळ चुकलेली असते. म्हणून खर्च करण्याआधी एक कागद घ्या आणि तुमच्या घरात आवाज कुठून निघतो, कशातून जातो आणि कुठे पोहोचतो ते बाण काढून लिहा. हा कागद नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आधी स्पीकर वेगळे काढा

ॲम्प्लिफायरच्या मेन्यूत टेस्ट टोन असतो. तो लावला की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने सूं असा आवाज यायला हवा. आला, तर स्पीकर, त्यांच्या वायरी आणि ॲम्प्लिफायर ठणठणीत आहेत. बिघाड टीव्ही आणि ॲम्प्लिफायरच्या मधेच आहे. टेस्ट टोनची सोय नसेल तर ॲम्प्लिफायरवरचा एफएम किंवा पेन ड्राइव्ह लावून बघा. ही तपासणी न करता लोक सोफा हलवून मागच्या स्पीकरच्या वायरी उपसतात आणि एका बिघाडाचे दोन करून ठेवतात.

चुकीचं भोक

सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच. ॲम्प्लिफायरच्या मागे एचडीएमआयची पाच-सहा इनपुट भोकं असतात आणि एक किंवा दोन आउटपुट. माणूस सरळ विचार करतो: आवाज टीव्हीतून ॲम्प्लिफायरमध्ये आणायचाय, म्हणजे केबल ॲम्प्लिफायरच्या इनपुटमध्ये जाणार. तर्क बरोबर, जागा चूक. टीव्हीवरची एचडीएमआयची भोकं चित्र आत घेण्यासाठी असतात. त्यातल्या एकाच भोकातून आवाज उलट्या दिशेने बाहेर पडतो. त्या सोयीला ऑडिओ रिटर्न चॅनल, थोडक्यात आर्क म्हणतात. २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीसोबत ती आली. त्यामुळे केबल ॲम्प्लिफायरच्या आउटपुटमधून, म्हणजे ज्याच्यावर आर्क छापलेलं असतं त्याच्यातून, टीव्हीच्या आर्क छापलेल्या भोकात गेली पाहिजे. चित्र वर जातं, आवाज त्याच केबलमधून खाली येतो. टीव्हीवर हे भोक एक नंबरचं असेल, दोनचं असेल किंवा तीनचं. ते कंपनीनुसार बदलतं. नंबर सोडा, शेजारची अक्षरं वाचा. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर मोबाइलचा कॅमेरा मागे सरकवून फोटो काढा.

केबल बरोबर बसली तरी तीन ठिकाणी परवानगी द्यावी लागते. एक, टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये टीव्ही स्पीकरऐवजी एचडीएमआय आर्क किंवा ऑडिओ सिस्टीम निवडा. दोन, टीव्हीचं सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना आज्ञा देऊ देणारी सोय, चालू करा. ते वेगवेगळ्या नावांनी लपलेलं असतं: सॅमसंगवर ॲनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. तीन, ॲम्प्लिफायरच्या मेन्यूत एचडीएमआय कंट्रोल आणि आर्क चालू करा. बऱ्याच मॉडेलमध्ये ते मुळात बंद असतं. मग ॲम्प्लिफायरवर टीव्ही ऑडिओ हे इनपुट निवडा. यातलं एक जरी राहिलं तरी शांतता.

सगळं करूनही आवाज नसेल तर दोन्ही यंत्रं रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या स्विचने बंद करा, प्लग काढा आणि पाचेक मिनिटं थांबा. स्टँडबायमध्ये लाल दिवा जळत असताना यंत्र बंद नसतं आणि दोघांमधली बिघडलेली ओळख तशीच राहते. मग आधी टीव्ही लावा, तो पूर्ण सुरू झाल्यावर ॲम्प्लिफायर. काल चालत होतं आणि आज अचानक बंद पडलं, अशा तक्रारी पुष्कळदा एवढ्यानेच मिटतात.

आवाज येतो, पण पाच स्पीकरमधले दोनच बोलतात

इथे ॲम्प्लिफायरच्या तोंडावरचा डिस्प्ले वाचायची सवय लावून घ्या. आत कुठल्या प्रकारचा आवाज येतोय ते तो सांगतो. तिथे पीसीएम, म्हणजे उलगडलेला साधा डिजिटल आवाज, दिसत असेल तर टीव्ही सगळा आवाज दोन चॅनलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या दोन स्पीकरपुरता, दाबून पाठवतोय. साध्या आर्कमधून आणि ऑप्टिकल (उजेडाने आवाज नेणाऱ्या) वायरमधून पीसीएम दोनच चॅनलचा जातो. टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटपुटमध्ये जाऊन पीसीएमऐवजी ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पास थ्रू निवडा. डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल हे सराउंड आवाजाचं नाव उमटलं की मागचे स्पीकर जागे होतात. फायर टीव्ही स्टिक लावली असेल तर तिच्या स्वतःच्या मेन्यूतही सराउंड साउंडची सेटिंग बघा, आणि सेट-टॉप बॉक्सच्या मेन्यूतही. त्यातल्या कुणी दोन चॅनल पाठवायचं ठरवलं असेल तर टीव्ही पाच कुठून आणणार?

आणखी एक अडचण बऱ्याच घरांत दिसते. टीव्हीतल्या ॲपमधून ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या पट्टीचा एक सबवूफर असा आवाज, व्यवस्थित येतं, पण बाहेरून लावलेल्या पेटीचा (सेट-टॉप बॉक्स वगैरे) आवाज स्टिरिओच, म्हणजे दोनच चॅनलचा. अनेक जुने टीव्ही एचडीएमआयमधून आलेला आवाज पुढे पाठवताना त्याचे दोन चॅनल करून टाकतात. अशा वेळी ती पेटी थेट ॲम्प्लिफायरच्या इनपुटमध्ये लावा. पण ॲम्प्लिफायर जुना असेल तर हा मार्गही विचार करून घ्या. एचडीएमआय १.४ चा ॲम्प्लिफायर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच पुढे नेतो, ६० फ्रेमचं त्याला झेपत नाही. आणि त्यात एचडीसीपी २.२ हे कॉपीपासून संरक्षणाचं कुलूप नसेल तर संरक्षित ४के चित्र ४के मध्ये दिसतच नाही. मग आवाज सुधारला आणि चित्र बिघडलं असं होतं. अशा घरात पेटी टीव्हीलाच ठेवावी आणि आर्कमधून मिळेल त्या ५.१ वर समाधान मानावं, असं माझं स्पष्ट मत आहे. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन्ही ई-आर्कवाले, म्हणजे आर्कच्या सुधारित आवृत्तीचे, असतील तर हा पेचच नाही. त्यातून आठ चॅनलचा पीसीएमही जातो आणि ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडीसुद्धा. फक्त एक टोक ई-आर्क असून उपयोग नाही.

पेन ड्राइव्हवरच्या काही सिनेमांना चित्र आहे, आवाज नाही, असं झालं तर फाइलचा आवाज डीटीएस प्रकारचा आहे का ते पाहा. अनेक टीव्हींनी डीटीएस वगळलं आहे. त्यात टीव्ही बिघडलेला नसतो, ॲम्प्लिफायरही नाही.

ऑप्टिकल वायर आणि छोटी पेटी

ॲम्प्लिफायरला एचडीएमआय नसेल तर ऑप्टिकल हा उत्तम मार्ग आहे. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या बारीक टोप्या असतात; त्या न काढताच वायर खोचली जाते आणि मग जोर लावून भोकाची झडप मोडते. टीव्ही चालू असताना वायरीच्या दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला पाहिजे. कपाटामागे वायर काटकोनात दुमडू नका. ऑप्टिकलमधून टीव्हीच्या रिमोटने आवाज सहसा कमी-जास्त होत नाही. हा दोष नाही.

स्टिरिओच्या जमान्यातला ॲम्प्लिफायर असेल तर ऑप्टिकलचं ॲनालॉग करणारी छोटी पेटी घ्यावी लागते. तिच्याबद्दल तक्रार ठरलेली: आवाज नाही किंवा नुसती खरखर. यातल्या साध्या पेट्यांना फक्त पीसीएम कळतं. म्हणजे वर सांगितलं त्याच्या बरोबर उलट करायचं, टीव्हीची सेटिंग पीसीएमवर न्यायची. त्यातून निघालेल्या लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लिफायरच्या ऑक्स किंवा सीडीमध्ये लावा. फोनोमध्ये कधीही नाही. ते रेकॉर्ड प्लेअरच्या अतिशय क्षीण सिग्नलसाठी आहे, टीव्हीचा आवाज तिथे फाटून येतो.

घूं असा आवाज

सिनेमा थांबवला तरी स्पीकरमधून, विशेषतः सबवूफरमधून, सतत खालच्या पट्टीत घूं येत राहते. आपल्या विजेची ५० हर्ट्झची ती गुणगुण आहे, आणि मुंबईत तिचा उगम पुष्कळदा केबलवाल्याच्या वायरीत असतो. ती जाड काळी वायर गच्चीवरून, शेजारच्या बिल्डिंगवरून येते. तिच्या बाहेरच्या जाळीचा अर्थिंगशी संबंध कुठेतरी दूर असतो आणि तुमच्या सबवूफरचा अर्थिंग घरातल्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये. दोन अर्थिंगच्या पातळीत फरक असला की सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि ॲम्प्लिफायरला जोडणाऱ्या वायरींच्या जाळीतून बारीक प्रवाह वाहत राहतो आणि तो ऐकू येतो.

खात्री करायला ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करून सेट-टॉप बॉक्सच्या मागची ती वायर फिरवून काढा. घूं थांबली तर कारण सापडलं. पहिला उपाय फुकटचा: टीव्ही, बॉक्स, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर एकाच सॉकेटवरच्या एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर केबलच्या वायरीत आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगचा संबंध तोडणारा छोटा जोड, बसवा. घरी डिश असेल तर मात्र जपून, कारण डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या एलएनबीला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि साधा आयसोलेटर ते अडवतो. चॅनलच गायब होतात. तिथे टीव्ही आणि ॲम्प्लिफायरमध्ये एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल लावा. काच किंवा प्लास्टिकच्या तंतूतून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे फेरा तिथेच तुटतो.

काही जण घूं घालवायला प्लगची अर्थिंगची मोठी पिन कापतात किंवा दोन पिनचा जोड लावतात. कृपा करून हे करू नका. आत बिघाड झाला तर ॲम्प्लिफायरच्या धातूच्या अंगावर २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि घरात लहान मुलं तिथेच खेळत असतात.

ओठ आणि आवाज

आवाज ओठांच्या आधी येत असेल तर ॲम्प्लिफायरमधली ऑडिओ डिले थोडीथोडी वाढवत न्या. आवाज ओठांच्या नंतर येत असेल तर टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन्हीकडची डिले शून्यावर आणा. आवाज मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही. ब्लूटूथने जोडलं असेल तर हा उशीर जवळपास अटळ आहे. होम थिएटरसाठी तो मार्गच नको.

पीओपीच्या आत गाडलेली केबल

फ्लॅटचं काम चालू असताना टीव्हीमागच्या पॅनेलमधून लांब केबल टाकून वर पीओपी मारलं जातं. लांब अंतराच्या बऱ्याच एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालतात. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी टाकली तर चित्रही येत नाही. सुलटी टाकली तरी काहींतून आर्कचा परतीचा आवाज जात नाही. म्हणून पॅनेल बंद होण्याआधी जमिनीवर केबल पसरून चित्र आणि आर्क दोन्ही चालवून बघा, आणि कंत्राटदाराला केबल थेट भिंतीत न गाडता रुंद पाइपमधून न्यायला सांगा. सोबत एक ऑप्टिकल वायरही ओढून ठेवली तर फार बरं.

रात्री संवाद ऐकू येत नाहीत

दहानंतर आवाज कमी ठेवावा लागतो, वर-खाली-शेजारी सगळीकडे माणसं आहेत. मग संवाद पुटपुटल्यासारखे लागतात आणि मधेच स्फोट झाला की रिमोटकडे हात जातो. जोडणी बरोबर आहे. सिनेमाचा आवाजच हळू आणि मोठ्याच्या मोठ्या फरकाने मिसळलेला असतो. ॲम्प्लिफायरमध्ये नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन चालू करा आणि मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. मधला स्पीकरच नसेल तर ॲम्प्लिफायरच्या स्पीकर सेटिंगमध्ये ‘सेंटर’ या ओळीसमोर ‘नाही’ असं निवडलंय ना ते पाहा. नाहीतर संवाद नसलेल्या स्पीकरकडे जात राहतात.