आवृत्तीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष : एम.बी.बी.एस.ला नव्याने आलेल्यांसाठी

एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला की काही दिवसांतच पुस्तकांच्या याद्या हाती येऊ लागतात. एक विभागाकडून मिळते, दुसरी वसतिगृहातील सीनियर देतात, तिसरी कुणीतरी मोबाईलवर पाठवतो. या याद्यांत पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव असते, पण कोणती आवृत्ती घ्यावी हे बहुधा लिहिलेले नसते. माझे नुकसान नेमके तिथे झाले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला दोन प्रकारची वर्षे छापलेली असतात. आवृत्ती नवी निघते तेव्हा लेखक किंवा संपादक मजकूर तपासतात, जुने काढतात आणि नवे घालतात. पुनर्मुद्रणात मात्र तोच मजकूर पुन्हा छापला जातो, फार तर छपाईच्या चुका दुरुस्त होतात. त्यामुळे 2018 साली छापलेल्या, करकरीत दिसणाऱ्या पुस्तकातील माहिती 2014 ची असू शकते. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेले सामाजिक वैद्यकशास्त्राचे पुस्तक असेच होते. त्यात क्षयरोगाची औषधे आठवड्यातून तीनदा द्यावीत असे होते, आणि तोंडी परीक्षेत मी तेच सांगितले. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने 2017 मध्येच रोज औषध देण्याची पद्धत स्वीकारली होती. उपचाराच्या नंतरच्या चार महिन्यांत पूर्वी दोन औषधे दिली जात, तिथे आता इथॅम्ब्युटॉलसह तीन दिली जातात. त्या कार्यक्रमाचे नावही 2020 मध्ये बदलले. पोलिओच्या तोंडी लसीचेही तसेच आहे. एप्रिल 2016 मध्ये त्रिसंयोजी (विषाणूच्या तिन्ही प्रकारांची) लस थांबवून द्विसंयोजी लस सुरू झाली, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा विषाणू लसीतून वगळला गेला. त्याआधीच्या आवृत्तीत तुम्हाला जुनेच लसीकरण वेळापत्रक सापडेल.

ही चूक परीक्षेपुरती राहिली तर गुण जातात, इंटर्नशिपपर्यंत सोबत आली तर रुग्णाला चुकीची मात्रा जाते. म्हणून औषधशास्त्र, सामाजिक वैद्यकशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्रातील उपचारांचा भाग यांसाठी जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मात्र एवढ्यावरून सगळीच पुस्तके नवी कोरी घेण्याची गरज नाही आणि घरच्यांवर तसा भारही टाकू नये. शरीररचनाशास्त्रात बाहूला जाणारे मज्जातंतूंचे जाळे पाचव्या मानेच्या मुळापासून पहिल्या छातीच्या मुळापर्यंतच बनते, आणि दहा वर्षे जुन्या पुस्तकातही ते तसेच काढलेले असते. रचनाशास्त्राची पुस्तके सीनियरकडून निर्धास्त घ्यावीत, फक्त 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाची यादी शेजारी ठेवून कोणता भाग वाढला आहे ते पाहावे. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्रात एखादी आवृत्ती मागे असली तरी चालते. जुन्या पुस्तकातील पेन्सिलच्या खुणा मला तर उपयोगीच पडल्या.

छायाप्रतींबद्दल मात्र माझे मत कडक आहे. ऊतिशास्त्र, विकृतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राची चित्रे रंगाशिवाय निरुपयोगी आहेत. जंतू रंगवून ओळखण्याच्या ग्राम रंजनात जांभळा जंतू आणि गुलाबी जंतू यांतला फरक हाच निदानाचा पाया असतो आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत दोन्ही करडे दिसतात. अशी छायाप्रत स्वस्त पडली तरी स्लाइडपुढे उभे राहिल्यावर तिचा काहीही उपयोग होत नाही.

दोन पुस्तकांत निवड करायची असेल तर ग्रंथालयात दोन्ही उघडून एकच प्रकरण वाचावे, आणि ते वर्गात नुकतेच शिकवलेले पण नीट न समजलेले असावे. मी यासाठी मूत्रपिंडातील गाळणीचे प्रकरण घेत असे. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ते मराठीत मोठ्याने सांगता आले, तर ते पुस्तक तुमच्यासाठी योग्य आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना जड इंग्रजीची धास्ती वाटते, ती मलाही वाटत होती, पण तिच्यापायी थेट गाईडकडे वळू नये. गाईड उजळणीसाठी चांगले असते, पण त्यात कारणे गाळलेली असतात आणि वॉर्डात विचारली जातात ती कारणेच. पहिले काही महिने एका पानाला तासभर लागतो, नंतर वेग येतो, एवढा धीर मी खात्रीने देऊ शकतो.

सल्ला कुणाचा घ्यावा, याबाबतही माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याची यादी बहुतेक वेळा फार लांब असते. त्यापेक्षा वॉर्डात काम करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना विचारावे की आजही ते कोणते पुस्तक उघडून पाहतात. ते एखाद-दुसरेच नाव सांगतात, आणि ते सहसा चुकत नाही.

पैशांची अडचण असेल तर खरेदीआधी ग्रंथपालांना भेटावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची पुस्तकपेढी योजना आहे आणि काही महाविद्यालये इतर गरजूंनाही वर्षभरासाठी संच देतात. संच लवकर संपतात, म्हणून प्रवेशाची कागदपत्रे जमा करतानाच अर्ज मागावा, आणि संच हातात पडला की औषधशास्त्राचे पुस्तक तिथेच उघडून आवृत्तीचे वर्ष पाहून घ्यावे, कारण जुनी आवृत्ती त्याच दिवशी बदलून मागणे सोपे जाते.